३४० ग्रॅम

पुण्यातल्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानात मी रॅकेट घ्यायला गेले तेव्हा विक्रेत्याने पहिला प्रश्न विचारला, "मुलासाठी हवीय का, मॅडम?" नाही, माझ्यासाठीच, असे म्हटल्यावर त्याने मागे वळून फिकट जांभळ्या रंगाची एक रॅकेट काढली. "मग ही घ्या. लेडीज आहे. एकदम लाइट." त्याच्या बोलण्यात अवमान नव्हता, उलट काळजीच होती. पण अनेक वर्षे वर्गात ‘स्त्रियांचे साहित्य’ शिकवणाऱ्या बाईला ‘लेडीज आहे’ हे दोन शब्द ज्या जागी लागायचे त्या जागी लागले. आपल्याकडे वाङ्मयाच्या दुकानातही अशी एक वेगळी फळी असते आणि तिच्यावरचे सगळे हलकेच असणार, असे गृहीत धरलेले असते. मी भिंतीवर टांगलेल्या काळ्या रॅकेटकडे बोट दाखवले. तिच्यावर रॉजर फेडररच्या नावाची अक्षरे होती. वजन ३४० ग्रॅम, तेही गटिंग न करता. "ती जड पडेल तुम्हाला," तो म्हणाला. मी तीच घेतली.

ती चूक होती हे कबूल करायला मला दीड वर्ष लागले. ती सगळीच चूक होती का, याविषयी माझे मत अजूनही पक्के झालेले नाही.

माझे टेनिस दूरदर्शनवर सुरू झाले आणि तीस-बत्तीस वर्षे तिथेच राहिले. १९८८ साली मी आठ वर्षांची होते. शेजारच्या काकूंच्या घरी, सतरंजीवर बसून, स्टेफी ग्राफने मार्टिना नवरातिलोव्हाला विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात हरवताना पाहिले. त्या वर्षी स्टेफीने चारही ग्रँडस्लॅम आणि सोलचे ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले, हे सगळे पुढे वाचून कळले. तेव्हा लक्षात राहिला तो तिचा बॅकहँडचा स्लाइस. पाटीवरून बोट फिरवावे तसा चेंडू तळाशी कापला जाई आणि पलीकडे जाऊन उसळण्याऐवजी गवतावर लोळत राही. खेळाडूची महानता म्हणजे काय, याची माझी पहिली व्याख्या तीच होती : ज्याच्याकडे पाहताना ते कसे केले हे कळत नाही, पण ते पुन्हा पाहावेसे वाटते. पुढे एम.ए.ला काव्यशास्त्राच्या तासांना या व्याख्येत फारशी भर पडली असे वाटत नाही.

हातात रॅकेट आली ती एक्केचाळिसाव्या वर्षी. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते आणि चालण्याचा मला अतोनात कंटाळा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जिल्ह्यांच्या गावी असतो तसा आमच्याकडेही कलेक्टरांच्या बंगल्यापलीकडे एक ऑफिसर्स क्लब आहे. दोन मातीची कोर्ट, चुन्याच्या रेषा, संध्याकाळी पाणी मारल्यावर येणारा वास. अधिकारी आता तिथे फारसे फिरकत नाहीत. येतात ते एक निवृत्त बँक मॅनेजर, एक कान-नाक-घशाचे डॉक्टर, बांधकाम खात्यातले एक अभियंता आणि मी. कोर्टाची देखभाल करणारे आणि नवख्यांना शिकवणारे मार्कर सत्तरीचे आहेत. त्यांना सगळे मामा म्हणतात. पहिले काही महिने मी मामांच्याच एका जुन्या रॅकेटने खेळले. मग पुण्याला गेले.

दुकानदाराशी मी वाद घातला नाही, पण मनात युक्तिवाद तयार होता आणि तो खोटा नव्हता. १९८८ साली स्टेफीच्या हातात डनलॉपची मॅक्स २००जी होती. तीच रॅकेट घेऊन जॉन मॅकेन्रो १९८४ चे विम्बल्डन जिंकला होता. चांगली जड, लहान तोंडाची रॅकेट. जगातली सर्वश्रेष्ठ स्त्री आणि तिच्या आधीचा एक सर्वश्रेष्ठ पुरुष एकाच साच्यातल्या साधनाने खेळत होते आणि त्यातली ‘लेडीज’ कोणती, हे कुणी विचारले नव्हते. या युक्तिवादात एकच गोष्ट राहून गेली होती. मी स्टेफी ग्राफ नव्हते.

घरी आणून, गटिंग करून, ग्रिपवर पट्टी गुंडाळून मी ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. ३६४ ग्रॅम. ज्या काट्यावर मी रवा आणि बेसन मोजते, त्यावर ती आडवी पडली होती. मोजण्यातला आनंद मोठा होता, आणि खेळण्यातलाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. जड रॅकेटचा एक गुण असा की चेंडू नेमका मध्यावर बसला तर हाताला काही कळतच नाही. आवाज येतो आणि चेंडू गेलेला असतो. पहिल्या आठवड्यात असे तीन फटके बसले. तिन्ही मला आठवतात. एका वेळी तर डॉक्टर पलीकडे जागचे हललेसुद्धा नाहीत. उरलेले सगळे फटके जाळ्यात, कुंपणावर किंवा बाहेरच्या गुलमोहराखाली गेले, पण ते मी हिशेबात धरले नाहीत.

हे मी पूर्वीही केले होते. एम.ए.च्या दोन वर्षांत मी सात कथा लिहिल्या. सातही कथांत ओसाड माळ होता, अनाम प्रवासी होता, नियतीच्या आघाताने वाकलेला एखादा म्हातारा होता आणि प्रत्येक वाक्यात किमान एक उपमा होती. जी. ए. कुलकर्णी तेव्हा माझ्या अंगात आले होते. सबंध कथेत दोन-तीन वाक्ये खरोखर नेमकी बसत आणि त्या दोन-तीन वाक्यांच्या नादात मी बाकीची पाने वाचतच नसे. एका संपादकांनी कथा परत पाठवताना कार्डावर एवढेच लिहिले होते की जी. ए. आम्ही वाचलेले आहेत. मी त्यांच्यावर बरीच वर्षे रागावले होते. नंतर कथा लिहिणेच सोडले आणि कथा शिकवायला लागले.

कोपर दुखायला लागले ते दिवाळीनंतर. आधी उंचावरचा डबा काढताना, मग कणीक मळताना, मग कुलूप उघडताना. फेब्रुवारीत फळ्यावर ‘नवकथा’ हा शब्द लिहिताना ‘थ’च्या वळणावर खडू हातातून पडला. मुलांना वाटले मी काहीतरी नाट्यमय करते आहे. उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर लाल पेनाने गुणांचा आकडा लिहिणे म्हणजे शिक्षा झाली. अस्थिरोगतज्ज्ञांनी कोपराच्या बाहेरच्या बाजूला एके ठिकाणी अंगठा दाबला आणि मी किंचाळले. निदान व्हायला तेवढे पुरले. याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात, पण माझ्याकडे येणाऱ्यांत टेनिसवाले क्वचितच असतात, गवंडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका जास्त, असे ते म्हणाले. मी टेनिसच खेळते हे सांगितल्यावर त्यांना जरा बरे वाटल्यासारखे दिसले. तीन महिने रॅकेटला हात लावायचा नाही, असे बजावले.

दोष एकट्या वजनाचा नव्हता. आमच्याकडे रॅकेटच्या तारांना ‘गट’ म्हणतात आणि त्या ओवण्याला ‘गटिंग’. मुळात तो शब्द आतड्याचा. जनावराच्या, मुख्यतः गाईच्या आतड्यापासून केलेली तार अजूनही सर्वांत उत्तम आणि सर्वांत महाग समजली जाते. फेडरर उभ्या तारा आतड्याच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या लावत असे. मला पहिली परवडत नव्हती, म्हणून मी दोन्हीकडे पॉलिएस्टर लावून घेतले. १९९७ साली ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने अशा गटवर फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि मग ती सगळीकडे पसरली. पॉलिएस्टर ताठ असते. जो प्रचंड वेगाने रॅकेट फिरवतो त्याच्या चेंडूला ते विलक्षण फिरकी देते. जो फिरवत नाही त्याच्या कोपराला ते नुसते हादरे देते. मी दुसऱ्या वर्गात मोडत होते.

तीन महिने खेळायचे नव्हते, म्हणून वाचले आणि जुने सामने पाहिले. डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकाचा फेडररवरचा २००६ सालचा निबंध आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. मला त्याचा दुसरा, कमी वाचला जाणारा निबंध अधिक जवळचा वाटतो. सोळाव्या वर्षी अमेरिकन खुली स्पर्धा जिंकणाऱ्या ट्रेसी ऑस्टिनचे आत्मचरित्र वाचून झालेल्या निराशेविषयी तो आहे. महान खेळाडू आपल्या महानतेविषयी बोलायला लागला की हाती सपक वाक्ये लागतात, आणि कदाचित तसे असणे हाच त्या महानतेचा भाग असतो, अशा दिशेने तो जातो. ज्यांना आतले सांगता येत नाही त्यांच्या वस्तूंकडे मग आपण वळतो. लेखकाचे टेबल, गायकाचा तंबोरा, खेळाडूची रॅकेट. वस्तू तरी काही सांगेल, अशी आशा असते.

पण वस्तूंकडे नीट पाहिले तर त्या वेगळेच सांगतात. पीट सॅम्प्रस चौदा ग्रँडस्लॅम जिंकला ते ८५ चौरस इंच तोंडाच्या रॅकेटवर. त्याला सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या कारखान्यातलीच रॅकेट लागे, आणि तिच्यावर शिशाच्या पट्ट्या चिकटवून तो ती आणखी जड करून घेई. आजूबाजूचे सगळे मोठ्या तोंडाकडे गेले तरी हा हलला नाही. फ्रेंच स्पर्धा त्याला कधीच जिंकता आली नाही. १९९६ ची उपांत्य फेरी ही तिथली त्याची सर्वोत्तम मजल. मातीवर चेंडू उंच उसळतो, वेडावाकडा येतो, आणि लहान तोंडाची रॅकेट चूक माफ करत नाही. तिथे मोठ्या तोंडाचा प्रयोग करून पाहायला हवा होता, असे निवृत्तीनंतर त्यानेच म्हटले. ब्यॉन बोर्गचे तर त्याहून करुण. १९७६ ते १९८० सलग पाच वेळा विम्बल्डन जिंकलेला हा माणूस १९९१ साली माँटे कार्लोला परत खेळायला उतरला तो लाकडी रॅकेट घेऊन. सगळे जग ग्रॅफाइटवर गेले होते. जॉर्डी अ‍ॅरेसे या स्पॅनिश खेळाडूने त्याला पहिल्याच फेरीत सरळ हरवले. मी ती चित्रफीत दोनदा पाहिली. बोर्गचे फटके तसेच देखणे आहेत, फक्त चेंडू वेळेवर कुठे पोचत नाही.

आणि फेडरर. २००१ साली विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत त्याने सॅम्प्रसला हरवले तेव्हा दोघांच्या हातात तीच ८५ इंची रॅकेट होती. नंतर तो ९० वर गेला आणि तिथे दशकभर थांबला. नदालचा उंच उसळणारा डावखुरा फोरहँड त्याच्या बॅकहँडला खांद्याच्या वर गाठत राहिला, चेंडू चौकटीला लागून प्रेक्षकांत जात राहिले, तरी थांबला. २०१३ मध्ये विम्बल्डनला दुसऱ्याच फेरीत हरल्यावर त्याने ९८ इंची रॅकेट दोन स्पर्धांत वापरून पाहिली, दोन्हीकडे हरला आणि मुकाट्याने जुनीवर परतला. शेवटी २०१४ मध्ये तो ९७ वर आला. २०१७ च्या जानेवारीत, पस्तीस वर्षांचा असताना, ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे पडलेला हाच माणूस बॅकहँडने नदालला मारत सुटला आणि जिंकला. आपण ज्याला महानता समजून भिंतीवर टांगतो, ती रॅकेट फेडररने स्वतः दोन वेळा बदलली होती. मी विकत घेतली ती त्याच्या तडजोडीची रॅकेट होती आणि माझ्यासाठी तीसुद्धा फार होती.

मात्र या सगळ्या वाचनात मला भेटलेला खरा माणूस यांपैकी कुणी नव्हे. त्याचे नाव हॉवर्ड हेड. अमेरिकेत विमानांच्या कारखान्यात अभियंता होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने धातूच्या स्की बनवल्या, कंपनी काढली, श्रीमंत झाला, कंपनी विकून निवृत्त झाला आणि टेनिस शिकायला लागला. टेनिस त्याला येईना. सराव म्हणून चेंडू फेकणारे यंत्र आणले, ते मनासारखे चालेना म्हणून त्या यंत्राच्या कंपनीतच शिरला आणि ते सुधारले. तरी टेनिस येईना. मग अभियंत्याच्या डोक्याने त्याने विचार केला : चेंडू मध्यरेषेपासून बाजूला लागला की रॅकेट मुठीत पिळली जाते. चौकट रुंद केली तर कडेचे वजन अक्षापासून लांब जाते आणि पिळण्याला होणारा विरोध त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे रुंदी थोडी वाढवली तरी फायदा बराच. लाकडी रॅकेटचे तोंड सत्तर चौरस इंचांच्या आसपास असे. हेडने १९७६ साली प्रिन्स या नावाने बाजारात आणलेली रॅकेट ११० च्या आसपास होती. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, पॅम श्रायव्हर नावाची सोळा वर्षांची मुलगी ती घेऊन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचली. आज कुठलाही व्यावसायिक खेळाडू सत्तर इंचांनी खेळत नाही. सेरेना विल्यम्स कारकिर्दीच्या उत्तरार्धात १०४ इंचांची रॅकेट वापरत असे. तिला कुणी ‘लेडीज’ म्हटल्याचे ऐकिवात नाही.

म्हणजे ज्याला खेळता येत नव्हते अशा एका पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या हाताची मोजमापे घेऊन जे साधन तयार झाले, ते पुढे श्रेष्ठांनी उचलले. साहित्याच्या इतिहासात आपण प्रवाह नेहमी वरून खाली येताना दाखवतो : मोठा कवी, त्याचे अनुयायी, मग अनुकरण करणारे. इथे तो खालून वर गेला होता. २०२३ च्या अमेरिकन स्पर्धेत नोव्हाक जोकोविचने चोविसावे ग्रँडस्लॅम उचलले तेव्हा त्याच्या रॅकेटवर ‘हेड’ असे लिहिलेले होते. ते याच माणसाचे नाव, त्याने पुढे विकून टाकलेल्या स्कीच्या कंपनीवरून आलेले.

जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधीचे काही दिवस परत कोर्टवर गेले. मामांनी माझी काळी रॅकेट मागून घेतली आणि भिंतीवर पाच-सहा चेंडू मारले. सत्तरीच्या माणसाचा फटका, पण प्रत्येक वेळी तो एकच स्वच्छ आवाज. "रॅकेट झकास आहे, ताई," ते म्हणाले. "पण बॉल येतो तेव्हा ही अजून मागंच असती. मग तुम्ही दंडानं ओढता तिला." एवढेच. संपादकांच्या कार्डाइतकेच लहान वाक्य. या वेळी राग आला नाही, हा वयाचा गुण असावा.

दुसरी रॅकेट निवडताना मी दुकानात गेलेच नाही. क्लबातल्या प्रत्येकाची रॅकेट एकेक संध्याकाळ मागून घेतली आणि वजनकाटा पिशवीतून बरोबर नेला. तिथे एक शोध लागला. मॅनेजरसाहेबांची नदालच्या रंगाची, आक्रमक दिसणारी रॅकेट २८७ ग्रॅम भरली, गट धरून. डॉक्टरांची त्याहून थोडी कमी. अभियंत्यांनी काट्यावर ठेवायला नकारच दिला. या तिघांपैकी कुणालाही दुकानदाराने ‘लेडीज’ म्हणून काही दिले नव्हते. रंग बदलला होता, इतकेच. खरे तर रंगाची ही फसवणूक वरच्या थरातही चालते. अनेक व्यावसायिक खेळाडू वर्षानुवर्षे आपल्या सवयीच्या जुन्या साच्याचीच रॅकेट वापरतात आणि कंपनी तिच्यावर नव्या मॉडेलचा रंग चढवून देते. आपण विकत घेतो तो तो रंग.

शेवटी जी घेतली ती १०० चौरस इंचांची, गट न घालता २८५ ग्रॅमची. ग्रिप आधीच्यापेक्षा एक नंबर लहान, कारण मूठ फार आवळावी लागली तरी कोपर बोलते आणि फार मोकळी राहिली तरी. गट मऊ, अनेक बारीक धाग्यांची. रंग निळा, ज्याविषयी कुणालाच मत नाही. चेंडू आता परत जातो. कुंपणावर क्वचितच जातो, आणि डॉक्टर जागचे हलणार नाहीत असाही जात नाही. ते तीन फटके या रॅकेटमधून अजून एकदाही निघालेले नाहीत, आणि निघणार नाहीत असे मला वाटते. त्याचे दुःख थोडे होते. ते लपवण्यात अर्थ नाही.

काळी रॅकेट विकायला काढली होती. एकाने फोनही केला. मग मीच टाळले. ती कपाटात आहे, त्याच खणात त्या सात कथांची फाइलही आहे. मे महिन्याच्या सुट्टीत दोन्ही बाहेर काढल्या. कथा वाचताना एका पानावर, माळ आणि म्हातारा यांच्या मधोमध, काडेपेटी विसरलेल्या बाईचा सहा ओळींचा साधा प्रसंग सापडला. एकही उपमा नसलेला. तो मी कसा लिहिला होता, आठवत नाही. तेवढा मी वेगळ्या कागदावर उतरवून ठेवला आहे.

गेल्या शनिवारी मॅनेजरसाहेबांशी सामना होता. ३-५ अशी मागे असताना माझा बॅकहँडचा स्लाइस त्यांच्या डाव्या कोपऱ्यात गेला. पाटीवरून बोट फिरवावे तसा नव्हे, पण खाली राहिला. ते म्हणाले बाहेर. मी म्हणाले रेषेवर. मातीच्या कोर्टचे बरे असते, खूण राहते. आम्ही दोघेही जाळ्याला वळसा घालून तिथे जाऊन वाकलो. चुना उडालेला होता, पण तो याच चेंडूने की मघाच्या, यावर एकमत होईना. मामांना हाक मारली. ते झारी घेऊन पलीकडच्या कोर्टवर पाणी मारत होते. त्यांनी ऐकू न आल्यासारखे केले.